मामाचं वाक्य

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोनवर बोलत नाहीस आणि मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू उचललास, खाकरलास आणि ठेवून दिलास. खाकरण्यावरून तब्येत ठीक आहे एवढं कळलं. बाकीचं लिहून कळव.

मंगळवारी तुझ्या सेकंदकाट्याच्या थेरपीचे बारा आठवडे संपले. (पोरगी दहा वर्षांची झाली तरी तू ठेवलेलं नाव तिला सोडत नाही, पाय अजून एका जागी ठरत नाही.) मी मनात काय मांडे खाल्ले होते ते सांगते, हसू नकोस. शेवटच्या दिवशी बोलण्याच्या बाई दार उघडतील आणि आपलं रत्न घडाघडा बोलत बाहेर येईल, अगदी मी बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बोलते तसं. घडलं ते उलटंच. परत येताना आम्ही पेन्सिली घ्यायला एका दुकानात थांबलो. ती माझ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पहिल्याच अक्षरावर अडली. आमच्यामागे तीन माणसं रांगेत. आधी अशा वेळी ती माझी बाही ओढायची, नाहीतर बोट दाखवून मोकळी व्हायची. या वेळी काही नाही. पाय आपटला नाही, डोळे मिटले नाहीत. दुकानदाराच्या डोळ्यांत बघत ती त्या शब्दात उभी राहिली, आणि तो शब्द त्याला वाटेल तेव्हा बाहेर आला. मग दोन हव्यात हे सांगताना पुन्हा अडली. बाहेर येऊन गुणगुणत चालायला लागली. घाम मला फुटला होता.

संध्याकाळी मी बाईंना फोन करून तणतणले की बारा आठवड्यांनंतर मुलगी आधीपेक्षा जास्त अडखळते, हा काय प्रकार. त्यांनी शांतपणे विचारलं की याआधी ती दुकानदाराशी किती वेळा बोलली होती. दादा, मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. बाई म्हणाल्या की मग ती जास्त अडखळत नाहीये, जास्त बोलतेय. जे शब्द ती लपवून ठेवायची ते आता बाहेर येताहेत, आणि ते जसे आहेत तसेच येणार.

खरं सांगू, बाईंनी थेरपी तिला कमी आणि मला जास्त दिली. तिची वाक्यं मी पुरी करायची नाहीत, असा मला दंडकच आहे. सांगायला सोपं! चौदा वर्षं मी त्या खिडकीत बसते. प्रवासी आठचीऽऽ म्हणेपर्यंत मी फलाट तीन, दहा मिनिटं उशीर, असं सांगून पुढच्याकडे वळलेली असते. ही जीभ घरी येताना काढून ठेवता येत नाही. शेवटी मीच युक्ती काढली. जेवायला बसलो की पोरगी बोलायला लागताच मी पाण्याचा एक घोट घेते आणि तोंडात धरून ठेवते. गुळणी धरून बसणे असं आपण नुसतं म्हणतो; मी ते अक्षरशः करते. ह्यांना हसू आवरत नाही.

पण हसायचं नाही असं एक घडलं. तिच्या खोलीतली जांभळी भिंत तुला आठवते ना? तीन वर्षांपूर्वी ती त्या भिंतीकडे बोट दाखवून काही सांगायला लागली होती, अडली, आणि मी वाक्य पुरं केलं की हिला जांभळा रंग हवाय. तिने मान डोलावली. ह्यांनी रंगाऱ्याचं सगळं कसब पणाला लावून भिंत रंगवली. तीन वर्षं त्या भिंतीकडे बघून मी स्वतःची पाठ थोपटत होते. काल रात्री जेवताना, माझ्या तोंडात पाणी असताना, तिने ते वाक्य पुरं केलं. त्या भिंतीला एक तडा होता, मान मागे वळवलेल्या उंटासारखा. तो बुजवू नका, एवढंच तिला सांगायचं होतं. बाबा त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती म्हणे. ती हे रागाने बोलली नाही. मला पाणी गिळताही येईना.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राची चावी देत जा.

तुझी,
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्या वेळी डोळ्याला भिंग लावून, कारण पोरगी अडली तरी तिने डोळे मिटले नाहीत, हे मी नीट वाचलंय ना याची खात्री करायची होती. नीटच वाचलं होतं. मग मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि पत्र तिसऱ्यांदा वाचलं.

तुला कळणार नाही म्हणून सांगतो. शब्दात अडकणं एवढं वाईट नसतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागतं, ते वाईट. म्हणून आपण डोळे मिटतो. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालो, पण अडकलेल्या शब्दासकट समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं धाडस मला एकदाही झालेलं नाही. माझं सगळं कसब पळवाटा काढण्यात गेलं. डोळ्याला भिंग असलं की घड्याळजीकडून कोणी बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही, हा शोध मला पहिल्याच वर्षी लागला. गिऱ्हाईक आलं की मी भिंग चढवतो, घड्याळ बिघडलेलं नसलं तरी.

आणखी एक गंमत सांगतो, तुझ्याखेरीज कोणाला सांगितलेली नाही. माझ्याकडची सगळी दुरुस्ती गुरुवारी मिळते. मंगळवारी काम झालं असलं तरी गुरुवारी या. शनिवारी सहज देता येईल तेही गुरुवारी. दर गुरुवारी दुकानासमोर ही रांग लागते आणि बाकीचे दिवस मी माशा मारतो. रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, घड्याळमामांची काहीतरी पद्धत आहे. पद्धत कसली डोंबलाची! मला ग सुटतो. म, श आणि ब सुटत नाहीत.

आणि ही एवढीशी पोर भर दुकानात, मागे रांग असताना, पेन्सिलीच्या प वर उभी राहते. ज्या बाईंनी हे केलं त्यांना माझा नमस्कार सांग. पोरीला मात्र काही सांगू नकोस, उगाच शेफारेल.

मेहुणेबुवांना एक निरोप. मी दुरुस्तीतला माणूस आहे, रंगातला नाही, पण जे भरलेलं असतं ते उकरता येतं एवढं मला माहीत आहे. त्यांनी विचार करावा. बाकी इथे ठीक. समोरच्या बेकरीची चिमणी नवीन बांधली, धूर आता माझ्याकडे येत नाही, वास येतो.

लोभ ठेव, आणि उत्तर सावकाश दे.

तुझा,
दादा


ता. ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप ह्यांना वाचून दाखवला. रविवारी सकाळी उठून पाहते तर पोरीच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरलेली, पलंग बाजूला ओढलेला आणि हे हातात रंग खरवडायचा पत्रा घेऊन भिंतीसमोर उभे. ह्यांनी पोरीला हाक मारली आणि विचारलं की उंटाची मदार नेमकी कुठे होती. ती सांगायला लागली आणि अडली, चांगलीच अडली. ह्यांनी भिंतीला टेकवलेला पत्रा तसाच धरून ठेवला. मी दारातून बघत होते. हात भरून आला असेल, पण ह्यांनी तो खाली घेतला नाही आणि तिच्याकडे मान वळवून बघतही राहिले. खिडकीपासून दोन वीत, असं तिचं वाक्य पुरं झालं तेव्हाच पत्रा चालला.

जांभळा रंग निघाला, खालची लांबी एका लांब कपच्यात सुटून आली आणि उंट दिसला. मान तशीच मागे वळलेली. तीन वर्षांत तडा जरा वाढलाय, त्यामुळे त्याला एक पाय जास्तीचा फुटलाय. ह्यांनी उभ्या जन्मात कोणाच्या घरी एक तडा राहू दिला नाही, कोणाकडे जेवायला गेले तरी आधी छत बघतात, आणि त्या दिवशी हेच गुडघ्यांवर बसून त्या उंटाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासत होते. आम्ही तिघंही कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत बसलो. चहा गार झाला.

आता तक्रार ऐक. पोरगी बोलते म्हणजे वाद घालते. मी वेणी घालताना केस ओढते. मी गाते ते बेसूर असतं. तिची जिवलग म्हणून मी जिला दर शनिवारी घरी बोलावते ती तिला मुळीच आवडत नाही. एकेक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे भांडण तासभर चालतं आणि मला मधे तोंड घालता येत नाही, कारण तोंडात पाणी. लाज वाटते, पण तुला म्हणून सांगते. कधी कधी मला आधीची गप्प पोरगी आठवते, जी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. मग ध्यानात येतं की त्या पोरीच्या तोंडून मीच बोलत होते. ही कोण आहे ते मला आत्ता कळतंय, आणि दादा, ही फार भारी आहे रे. माझ्या पोटची आहे यावर विश्वास बसत नाही.

कामावरही मी पाण्याची बाटली जवळ ठेवायला लागले आहे. रांग वाढते, साहेब कुरकुरतात. पण एक ऐक. राखाडी कोटातले एक आजोबा दर बुधवारी येतात. साडेचारची, एवढं म्हणतात आणि मी फलाट पाच, वेळेवर, असं सांगते. ते आभार मानून बाकावर बसतात. बसमध्ये चढत मात्र कधीच नाहीत. सहा वर्षं मला वाटत होतं की म्हातारा विसरभोळा आहे. परवाच्या बुधवारी मी घोट घेतला आणि थांबले. ते इतके गोंधळले की त्यांना पुढचं वाक्य सापडेना. मग हळूहळू म्हणाले की साडेचारची बस आज त्यांचा मुलगा चालवणार आहे का. बोलणं बंद आहे दोघांचं. बाकावरून तो दिसतो, तेवढ्यासाठी येतात. त्याची पाळी नसली तर उगाच ताटकळतात. सहा वर्षं मी त्यांना फलाटाचा नंबर देत होते.

त्या दिवसापासून मला एकच विचार खातोय. लहानपणी तुझीही वाक्यं मीच पुरी करायचे. आई कौतुकाने म्हणायची की धाकटी म्हणजे थोरल्याची जीभ. दादा, तुझी कोणती भिंत मी जांभळी केली? मला खरं खरं सांग.

आणखी एक. बाईंनी पोरीला काम दिलंय, घरात न राहणाऱ्या कोणालातरी फोन करायचा. तिने तुला निवडलंय. रविवारी अकरा वाजता. नाही म्हणू नकोस.

लोभ आहे तसा राहू दे, माझा प्रश्न वाचल्यावरही.

तुझी,
धाकटी


ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घाईत आहे. एक जुनं लंबकाचं घड्याळ आलंय, त्याचे दाते झिजलेत, नवे कापावे लागतील.

तू विचारलंस त्याचं उत्तर: तू माझं काहीही बिघडवलेलं नाहीस. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस.

फोनचं जमणार नाही. इथली लाइन खराब आहे, खरखर येते. पोरीला सांग, पत्र लिही. पत्रात मामा पोपटासारखा बोलतो.

लोभ आहेच.

दादा


ता. २० मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि. (हे आईने सांगितलं म्हणून लिहिलं.)

आई म्हणते तुझी लाइन खराब आहे. बाबा म्हणतात लाइन चांगली आहे, मामा घाबरतो. मला वाटतं बाबांचं बरोबर आहे. तू घाबरतोस म्हणूनच मी तुला निवडलं. आत्याला फोन केला तर ती मधेच बोलते, आणि मावशीला केला तर ती अरेरे म्हणते. मला अरेरे नको असतं.

नियम असे आहेत. मी अडले तर तू थांबायचं. तू अडलास तर मी थांबीन. आहेस ना, ऐकू येतंय ना, असं कोणी विचारायचं नाही, कारण अडलेला माणूस असतोच. आकडे मोजायचे नाहीत, ती पण घाईच असते. शब्द बदलायचा नाही. बाईंना सगळं कळतं; मी खडूला पांढरी वस्तू म्हटलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या, मग मला खडूच म्हणावं लागलं.

आई शेजारी बसणार आहे, पण तोंडात पाणी घेऊन. तिला आपण दोघांसाठी एकच घोट देऊ.

मी फक्त एक प्रश्न विचारणार आहे. तो सोपा आहे. पुढच्या रविवारी अकराला.

उंट मजेत आहे. त्याचे पाय आता पाच झाले.

लोभ कर.

तुझा,
सेकंदकाटा


ता. २ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचललास! खाकरलास आणि ठेवला नाहीस! मी इथे काय काय सोसलं ते तुला कळायलाच हवं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

अकराला पाच मिनिटं असताना पोरगी खुर्चीवर चढून बसली. हे खिडकीशी उभे. मी घोट घेतला. तुझा आवाज मला ऐकू येत नव्हता, तिचाच येत होता. तिने आधी आपलं नाव सांगितलं, त्यावरच अडली, आणि तू थांबलास हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तिने तिचा तो प्रश्न विचारला. मोठेपणी तुला काय व्हायचं होतं, मामा.

दादा, मला उत्तर माहीत होतं. सगळ्या घराला माहीत आहे. घड्याळजी! शब्द माझ्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसला. आणि तू काही बोलेनास. पोरगी थांबली. पाय हलवत होती, एरवी हलवते तसाच, घाईने नाही. टेबलावरच्या रेघा बघत होती. फोन बंद पडला असेल असं मला वाटलं. हे माझ्याकडे बघायला लागले. माझे गाल दुखायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजी म्हणून टाक रे, असं मी मनात ओरडत होते. एक शब्द तर आहे, आणि तो सांगायला मी कायम तुझ्या बाजूला उभी होते. पण पोरगी ज्या चेहऱ्याने वाट बघत होती ना, तो मला विसरता येणार नाही. तिला दया येत नव्हती, कंटाळा येत नव्हता. पुढे काय येणार हे तिला खरंच माहीत नव्हतं, आणि ते ऐकायची तिला खरंच उत्सुकता होती. मी कोणाची अशी वाट कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

मग ती एकदम हसली. अच्छा, म्हणाली. वासासाठी की विस्तवासाठी, असं काहीसं विचारलं. पुन्हा थांबली, पुन्हा हसली, आणि अच्छा करून फोन ठेवला. मी पाणी गिळलं आणि विचारलं की घड्याळाला कसला आलाय वास. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली की ते मामाचं वाक्य आहे, मामाच सांगेल.

तीन दिवस झाले. आमिषं दाखवली, डोळे वटारले, तिच्या बाबांमार्फत वशिला लावला. ढिम्म. दादा, तू काय म्हणालास? मी अंदाज करणार नाही. एवढं तरी शिकले आहे.

लोभ असू दे. मी वाट बघते आहे.

तुझी,
धाकटी


ता. ११ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस, पाणी पी. पीच, धरू नकोस.

मागे मी तुला लिहिलं की तू माझं काहीही बिघडवलं नाहीस. ते खोटं होतं. लाइनही चांगलीच आहे.

मी सोळाचा होतो, तू आठची. बाबा मला कुठेतरी कामाला ठेवायचं म्हणून या रस्त्यावर घेऊन आले. तुला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून तूही होतीस, लाल बुटांत. घड्याळांच्या दुकानाच्या काचेसमोर आपण थांबलो आणि बाबांनी विचारलं की तुला काय शिकायचंय ते तूच सांग. चांगले होते बाबा, त्यांनी खरंच विचारलं होतं. मी तोंड उघडलं आणि अडलो. मान हलायला लागली, येणारे जाणारे थबकले. तू माझ्याकडे पाहिलंस, काचेकडे पाहिलंस आणि बाबांना सांगितलंस की दादाला घड्याळं शिकायचीत, तो रोज शाळेतून येताना या काचेसमोर उभा असतो. तू खोटं बोलली नाहीस. मी रोज उभा असायचो. बाबांनी विचारलं की हेच ना, आणि मी मान डोलावली.

त्या काचेत समोरच्या बेकरीची भट्टी दिसते. दुपारी चारला बेकरीचं दार उघडतात, तेव्हा काचेतल्या सगळ्या घड्याळांवर विस्तव हलताना दिसतो. तू आलीस की दाखवीन. मी घड्याळं बघत नव्हतो गं. बेकरीकडे तोंड करून उभा राहिलो असतो तर कोणीतरी काय हवं म्हणून विचारलं असतं. म्हणून मी तिच्याकडे पाठ करून काचेतून बघायचो.

तुला रडू येईल, तर आधी पुढचं ऐक. त्या वेळी मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तुझा इतका आधार वाटला की परत येताना मी तुला खांद्यावर घेऊन आलो. घड्याळंही मला आवडायला लागली, हे मी मनापासून सांगतो. पण एकतीस वर्षं मी रोज दुपारी चारला मान वर करून त्या दाराकडे बघितलं, आणि मला काय हवं होतं हे एका माणसालाही ठाऊक नव्हतं. वाईट वाटायचं ते एवढ्याचंच.

आता फोनचं. पोरीने प्रश्न विचारला तेव्हा दुकानात सतरा घड्याळं चालू होती, त्यामुळे मी हे छातीठोकपणे सांगू शकतो. पहिला ब सुटायला एक मिनिट चाळीस सेकंद लागले. घड्याळजी हा शब्द मलाही आठवत होता. ग, घ मला सहज सुटतात, एका क्षणात मोकळा झालो असतो. पण शब्द बदलायचा नाही हा नियम होता. पलीकडे पोरीचा श्वास ऐकू येत होता, बस. उभ्या आयुष्यात मला कोणी एक मिनिट चाळीस सेकंद दिले नव्हते. बेकरीवाला, असं मी म्हणालो. तिने विचारलं की वासासाठी की विस्तवासाठी. धाकटे, माझ्याबद्दलचा इतका नेमका प्रश्न मला कोणीच कधी विचारलेला नाही. विस्तवासाठी, असं मी तिला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा मी मोठ्याने हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला. नऊ पावलं आहेत. बेकरीवाल्या बाई गिऱ्हाईक करत होत्या, रांगेत चार माणसं. मी डोळे उघडे ठेवले. सोपं नाही, पोरीला कसं जमलं कोण जाणे. मला भट्टीवर काम शिकायचंय, सोमवारी, माझं दुकान बंद असतं तेव्हा, एवढं सांगायला किती वेळ लागला ते या वेळी मी घड्याळात पाहिलं नाही. पिठाचे हात तसेच धरून त्या थांबल्या. मग म्हणाल्या की पहाटे पाचला या, आणि ते भिंग घरी ठेवून या. सोबतच्या पुडक्यात माझा पहिला पाव आहे. पोचेपर्यंत दगड झाला असेल. नाहीतरी निघाला तेव्हाही दगडच होता.

घड्याळं सोडणार नाही. एकतीस वर्षांत ती माझी झाली आहेत. पण काल एका गिऱ्हाइकाला मी मंगळवार दिला. म वर बराच वेळ उभा राहिलो, पण दिला.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी फोन करीन. सेकंदकाट्याला नाही, तुला. काय सांगायचं ते ठरलंय. आजवर ते तुला मी तोंडाने एकदाही म्हटलेलं नाही, आणि पत्रात लिहिणार नाही. त्यात म आहे, श आहे, ब तर दोनदा आहे, वेळ लागेल. घंटा वाजली की आधी पाण्याचा घोट घे, आणि मग उचल.

लोभ आहेच, घाई नसावी.

तुझा,
दादा